हरेश्वर तांडेलाची नात

एन्टेबे, युगांडा
ता. ९ जानेवारी १९६२

ती. नलूताईस शिवदासचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आपल्या बाला आता दुसऱ्या डोळ्यानेही दिसत नाही हे वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. ज्या तांडेलानं होडी हाकताना नुसत्या पाण्याच्या रंगावरून खडक ओळखला, त्याला आता ओटीची पायरी चाचपावी लागते. शाळा सांभाळून त्यांचं सगळं तू करतेस. मी इथे बसून पत्रं लिहितो, एवढंच.

आमच्या प्रयोगशाळेच्या आवारात चिंपांझी ठेवलेले आहेत हे तुला मागे कळवलं होतं. आपल्याकडे कनकेश्वराच्या डोंगरात असतात तशी ही माकडं नव्हेत. यांना शेपूट नसतं, कान आणि हाताच्या रेषा थेट आपल्यासारख्या. वेगवेगळ्या जंगलांतल्या चिंपांझींचं रक्त काढून आम्ही ते पडताळतो. कुठल्या टोळीचं कुठल्या टोळीशी नातं आहे, गोरिल्लाशी किती, आणि माणसाशी किती, हे शोधायचं काम.

गेल्या आठवड्यात एका शिकाऱ्याने पश्चिमेच्या जंगलातून टोपलीत घालून एक पिल्लू आणलं. मादी आहे, वर्षाचीही नसेल. टोपली उघडली आणि समोर मी होतो, म्हणून तिने माझा सदरा धरला, तो अजून सोडलेला नाही. आमचे मुख्य डॉ. हार्पर म्हणाले, "सोडवू नका, मरेल." तेव्हापासून ती माझ्या छातीवर आणि मी कामावर. कागदोपत्री ती एकोणीस नंबर. मी तिला ठमी म्हणतो.

बाला सांभाळ. स्वतःलाही.

तुझा
शिवदास


थळ, ता. अलिबाग, जि. कुलाबा
ता. २० फेब्रुवारी १९६२

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद.

जानेवारीतलं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, ते मी एकटीने वाचलं. परवाचं मात्र पोस्टमनने घरी दिलं. बा ओटीवर जाळ्याची वीण चाचपत बसले होते. "शिवदासाचा कागद? वाच," म्हणाले. मी वाचत गेले. ठमीला दात आले, ठमी तुला सोडून कुणाकडे जात नाही, बाटली तोंडातच धरून झोपते, ताप उतरला. शिवदास, चिंपांझी हा शब्द त्या पत्रात एकदाही नव्हता.

मी थांबले तेव्हा बा रडत होते. मला कळेना काय झालं. मग हसायला लागले. "पोरगी झाली त्याला! आनि आमाला सांगला पन न्हाय! लाजला आसंल. तिकरची बाय केली आसंल, म्हनून लाजला." मी तोंड उघडायच्या आत उठले आणि भिंतीला हात लावत शेजारी चुलतभाऊ धर्माच्या दारात गेले. डोळे गेल्यापासून एकटे घराबाहेर पडले नव्हते. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोळीवाड्याला कळलं की हरेश्वर तांडेल आजा झाला.

केसरकाकू विहिरीवर म्हणाली, "हबशीन आनली त्यानं, जमातीत कसा चालंल?" ते बाच्या कानावर गेलं. संध्याकाळी तिच्या दारात उभे राहून म्हणाले, "माजी नात हाय. तुजा काय गेला?" गेल्या दोन वर्षांत बाचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

आता मी काय करू? ते जेवतात. सकाळी उठून दाढी करून घेतात. पुढच्या पत्रात ठमीबद्दल दोन ओळी अशाच लिही, एवढंच मागते. खोटं लिहू नकोस. फक्त सगळं लिहू नकोस.

तुझी
ताई


एन्टेबे
ता. ८ मार्च १९६२

ती. ताईस सा. न.

तू मागितलंस ते मला जमणार नाही. बाला खरं सांग. उद्या कुणीतरी बोटीवरचा माणूस इथून परत येईल, थळच्या बंदरात चारचौघांत सांगेल की तुमची नात म्हणजे एक वानर आहे. तेव्हा लोक हसतील, आणि बाला ते दिसणार नाही, नुसतं ऐकू येईल. हे मला चालणार नाही. म्हणून सोबत त्यांच्यासाठी वेगळा कागद घातला आहे. जसा आहे तसा वाच. ठमी कोण, ती कुठून आली, आम्ही काय करतो, सगळं सोप्या शब्दांत लिहिलं आहे. माझं लग्न झालेलं नाही हेही.

तू विचारलं होतंस की एका रक्ताच्या थेंबावरून नातं कसं ओळखता. आपल्या कोळीवाड्याचंच उदाहरण घे. बा सांगतात त्या जुन्या तुफानात निम्म्या होड्या गेल्या आणि काही घराण्यांचं नावच उरलं नाही. ती घराणी वाईट नव्हती, नेमकी त्या दिवशी समुद्रात होती. लहान टोळीचं तसंच असतं. रक्तातली एखादी खूण नुसत्या योगायोगाने कायमची नाहीशी होते, दुसरी सगळीकडे पसरते. आमच्या चिंपांझींत बहुतेक सगळे 'ए' गटाचे, थोडे 'ओ', 'बी' सापडतच नाही. आणि त्यांना पोहता येत नाही. मोठी नदी मध्ये आली की अलीकडचे आणि पलीकडचे पिढ्यान्‌पिढ्या भेटत नाहीत. हळूहळू त्यांची रक्तं वेगळी होत जातात. नदी किती जुनी आणि फरक किती, यावरून आम्ही नातं मोजू पाहतो.

कागद नक्की वाचून दाखव. मागाहून मला दोष दे.

शिवदास


थळ
ता. ५ एप्रिल १९६२

चि. शिवदास,

वाचून दाखवला. एक शब्दही गाळला नाही.

बा जाळ्याची वीण चाचपत राहिले. मला वाटलं, समजलं. मग म्हणाले, "पुन्हा वाच, माकर म्हनलाय तिथनं." मी पुन्हा वाचलं. तेव्हा त्यांनी जाळं बाजूला सारलं. "काली हाय म्हनून? आपल्या पोटच्या पोरीला माकर म्हनतो?"

शिवदास, मी शपथा घेतल्या. शाळेतलं प्राण्यांचं पुस्तक आणलं, पण ते दाखवू कुणाला? चित्राच्या कागदावरून त्यांची बोटं नुसती फिरली. तुला लाज वाटते म्हणून तू मुलीला नाकारतोस, आणि मी भावाची बाजू घेते आहे, असंच त्यांच्या मनाने घेतलं. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, लिहून घे. त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं देते:

"शिवदासा, तुजी आयस पन काली व्हती. मी तिला कदी बोललो का? लोकांनी बोलला तं आयकून घेतला का? पोरीला माकर म्हनू नको. पाप लागंल. तुना लाज वाटत आसंल तं तू नको येवूस. तिला पाठवून दे. बोटीवर आपली मानसा हायेत, आनतील. तिच्या आयसला यायचा आसंल तं ती पन येवू दे. घर हाय, मी हाय, नलू हाय. मना दिसत न्हाय, मना काला गोरा काय?"

एवढं सांगून उठले. तुझं नाव तेव्हापासून घेत नाहीत.

खरं सांगितलं की सगळं मोकळं होतं, असं तुला वाटत होतं. मलाही शाळेत मुलांना तेच सांगावं लागतं.

ताई


एन्टेबे
ता. २६ एप्रिल १९६२

ती. ताई,

बाचं ते पत्र मी खिशात घेऊन हिंडतो आहे. उत्तर काय देऊ? मुलगी असती तर आजच घेऊन निघालो असतो. नाही, म्हणून मला नालायक बाप ठरून बसावं लागतं आहे.

तुला दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगायच्या नाहीत, कारण कुणाला त्यात रस नाही.

एक अशी. आम्ही काचेच्या ताटलीत खळीसारखा पातळ थर ओततो. मधल्या खळग्यात माणसाच्या रक्ताला ओळखणारा रस, तो कोंबडीच्या अंगात तयार करून घेतलेला असतो. आजूबाजूच्या खळग्यांत निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्ताचं पाणी. दोन्ही एकमेकांकडे सरकतात आणि भेटतात तिथे पांढरी रेघ उमटते. माकडाची रेघ माणसाच्या रेघेला नीट जुळत नाही, टोक बाहेर राहतं. ओरांगउटानचंही थोडं राहतं. एका खळग्यात माझं रक्त होतं, शेजारच्यात ठमीचं. दोन्ही रेघा एक झाल्या. कुठे माझी संपली आणि कुठे तिची सुरू झाली ते भिंगातूनही कळेना. गोरिल्लाचंही जवळपास तसंच. आजवरची पुस्तकं या तिन्ही वानरांना एका घरात कोंबतात आणि माणसाला वेगळं घर देतात. ताटली म्हणते, ओरांगउटान लांबचा. ठमी आणि गोरिल्ला आपल्या घरातले. वेगळे कधी झालो ते नक्की कुणालाच माहीत नाही. डॉ. हार्परना वाटतं, पुस्तकं सांगतात त्याच्यापेक्षा बरंच अलीकडे.

दुसरी गोष्ट. शिकाऱ्याबरोबरचा वाटाड्या परवा आला होता. मी सहज विचारलं, हिची आई कुठे असते. तो माझ्याकडे बघत राहिला. पिल्लू जिवंत हवं असेल तर आईला मारावंच लागतं, म्हणाला; ती पिल्लू सोडत नाही. ठमीच्या आईला वाचवायला आणखी दोघी मध्ये आल्या. त्याही गेल्या. इतके महिने ठमी माझ्या अंगावर आहे आणि हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. ज्या रक्तावर आमचं सगळं काम उभं आहे ते असं आलेलं आहे.

नोव्हेंबरात रजा मिळते आहे. मी येतो. बाच्या समोर बसून, त्यांचा हात हातात घेऊन सांगेन. कागदावर जमलं नाही, तोंडाने जमेल.

शिवदास


थळ
ता. २६ ऑगस्ट १९६२

चि. शिवदास,

तू येतोस हे बाला सांगितलं. "येकटा?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. खोटं नाही हे, तू कोणाला घेऊन येशील ते मला कुठे माहीत?

राग उतरतो आहे. नारळी पौर्णिमेला धर्मा त्यांना बंदरावर घेऊन गेला, मीही होते. येताना मी नदीचं सांगितलं, म्हणजे त्या वानरांना पोहता येत नाही आणि नदी आली की त्यांची नाती तुटतात, ते. ओटीवर टेकल्यावर म्हणाले, "पान्यानं नाता तुटत न्हाय. होडी नसली म्हंजे तुटतो." मग म्हणाले, "शिवदासाला सांग, बोट हाय."

तेव्हापासून ते आल्यागेल्याला तुझ्या येण्याचं सांगतात. अंबाजी सुताराकडून लाकडी झोपाळा नीट करून घेतला. केसरकाकूही आता विचारते, "पोर मासली खाते का गो?" मी सांगितलं, दात आलेत, सगळं खाते.

त्यांना थोडा खोकला आहे. हवामानाचा. काळजी करू नकोस, तुझं काम नीट आटपून ये. गडबडीत अर्धवट टाकून येऊ नकोस.

ताई


एन्टेबे
ता. १० नोव्हेंबर १९६२

ती. ताईस सा. न.

रजा लांबली. इथे नवं सरकार आलं आहे, कागदपत्रांची गडबड आहे, वरून मंजुरी मिळाली नाही. या महिन्याची बोट चुकणार. जानेवारीत नक्की येतो. बाला समजावून सांग. खोकला बरा असेल.

घाईत आहे.

शिवदास


थळ
ता. ६ डिसेंबर १९६२

चि. शिवदास,

तार मिळाली असेल. बा गेले. उत्तरकार्य धर्माने केलं.

तो हवामानाचा खोकला नव्हता. ऑगस्टमध्येच अलिबागच्या डॉक्टरांनी छाती तपासून मला बाहेर बोलावलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण तू नोव्हेंबरात येणारच होतास, आणि भीतीने धावत आलेला मुलगा त्यांना नको होता. तू आपणहून यायला हवा होतास. मी हिशेब बरोबर केला होता असं मला वाटत होतं. बोट चुकेल हे त्यात धरलंच नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा ते अंथरुणावर होते. मी वाचून दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, "निंगाला?" मी म्हटलं, निघाला. "पोरगी?" मी म्हटलं, बरोबर आहे. मग रोज विचारायचे, बोट कुठवर आली. मी सांगायचे, आणि ते वारा विचारायचे, आणि मनात गणित करून म्हणायचे, परवा येल. शेवटच्या सकाळी म्हणाले, "तिला कोरड्या जागंत बसवला का? लाट लागंल." मी हो म्हटलं. दुपारी गेले.

तुला दोष देत नाही. सरकारी रजा तुझ्या हातात नव्हती.

ताई


एन्टेबे
ता. १७ फेब्रुवारी १९६३

ताई,

इतके दिवस लिहिता आलं नाही. रजा माझ्या हातात होती. मंजूर झालेली होती. मोंबासाचं तिकीट काढलेलं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात डॉ. हार्परनी सांगितलं की आमच्या प्रयोगशाळेतली चार लहान पिल्लं अमेरिकेतल्या एका केंद्राला द्यायची आहेत, लशींच्या चाचण्यांसाठी. बदल्यात ते आम्हाला नवं यंत्र देणार. चारांत एकोणीस नंबर होता. मी म्हटलं, हिच्या रक्तावर आपलं अर्धं काम उभं आहे. ते म्हणाले, "रक्त आपल्याकडे बाटल्यांत आहेच." मी म्हटलं, ती माझ्यावाचून जगणार नाही. ते वाईट माणूस नाहीत, ताई. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणूनच आपण यांना नावं द्यायची नसतात."

मी थांबलो. वाटलं, हे रोखून मग पुढच्या बोटीने जाईन. बा कुठे जातात, असंही वाटलं असेल. तुला लिहायची लाज वाटली की एका वानरासाठी बाला थांबवतो आहे. म्हणून सरकारचं नाव पुढे केलं.

रोखता आलं नाही. ठमी दुसऱ्या कुणाच्या हाती येईना, चावायला लागली. तेव्हा मलाच बोलावलं. मी पेटीजवळ गेलो तशी ती माझ्याकडे धावत आली. पेटीत मीच बसवली. आत गेल्यावरही तिने माझी बाही धरून ठेवली होती. ती बोटं मी एकेक करून सोडवली.

काल तिकडून कागद आला. थंडीत न्यूमोनिया झाला, जानेवारीत गेली. कुठल्याही लशीची चाचणी तिच्यावर झालीच नाही, तोवर टिकली नाही. आमचा निबंध पुढच्या महिन्यात छापून येतो आहे. त्यात माझं नाव आहे, ती मात्र एकोणीस आहे.

बा शेवटपर्यंत तिला लाट लागेल म्हणून घोर करत होते, आणि त्याच दिवसांत मी तिला पेटीत बसवत होतो. मी दोघांपैकी कुणालाही पोचवलं नाही.

मी नोकरी सोडली आहे. इथून कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. थळला यायचं तोंड नाही. लोक विचारतील, मी काय सांगू?

शिवदास


थळ
ता. ८ मार्च १९६३

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी शाळा सुटल्यावर वर्गात बसून वाचलं. रागावायचं होतं. बाच्या अंथरुणाशी बसून जे जे मनात आलं होतं ते सगळं तुला लिहायचं, असं कितीदा ठरवलं होतं. पेटीपर्यंत वाचलं आणि मग ते जमलं नाही.

घरी येताना सुक्या मासळीच्या मांडवाजवळ केसरकाकू भेटली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कागद आला? पोर बरी हाय ना?" शिवदास, मी खरंच ठरवलं होतं की आता सगळ्यांना सांगून टाकायचं, बा गेले, आता कुणाला जपायचं? पण तोंडून एवढंच निघालं, "ठमी गेली, काकू."

तिने हातातली टोपली खाली ठेवली. माझ्याबरोबर घरी आली. थोड्या वेळाने धर्माची बायको आली, मग अंबाजीची आई, मग शेजारच्या सगळ्या. ओटीवर बसल्या. कुणी चूल पेटवू दिली नाही, भाकरी त्यांच्याच घरून आल्या. केसरकाकूने विचारलं, केवढी होती. मी म्हटलं, दोन वर्षांची असेल. काय झालं? थंडीने छाती भरली. बापाजवळ होती का? मी नाही म्हटलं. बापाला मागाहून कागदाने कळलं, तो जवळ नव्हता. तेव्हा ती रडायला लागली. वर्षापूर्वी विहिरीवर हबशीण म्हणाली होती तीच ही. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आजा गेला, त्याच्या मागोमाग गेली गो. बघली पन न्हाय एकमेकांनी." मग सगळ्याच रडल्या, आणि त्यांच्यात मीही. बाच्या वेळी मला रडायला सवड मिळाली नव्हती.

त्या कुणासाठी रडत होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढेही सांगणार नाही. तुझ्या ताटलीत काय दिसलं ते तुला माहीत आहे. या बायकांना ते दाखवायची गरज पडली नाही.

तू ये. आपल्या दोघांनाही आता कुणाची वाट बघायची उरलेली नाही, एकमेकांची तेवढी. मोंबासाहून मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. धर्माला रेवसला पाठवते.

आलास की या बायका घरी येतील. तुझ्या तोंडावरून हात फिरवतील, लेक गेली म्हणून तुला जवळ घेतील. तेव्हा कुणाला काही समजावायला जाऊ नकोस. घेऊ दे.

तुझी
ताई